ताटातलं मीठ आणि संगणकातली सेटिंग

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



काल याच मंचावर कीर्तन झालं, उद्या मुलांचं नाटक आहे, आणि मधल्या दिवशी संगणकावर भाषण ठेवण्याचं धाडस आपल्या कार्यकारिणीनं केलं आहे. माझं नाव निघालं तेव्हा मी म्हटलं, अहो, मी काही मोठा तज्ज्ञ नाही. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा केला, आणि पुढची सगळी वर्षं राज्य शासनाच्या नोकरीत कार्यालयातले संगणक, प्रिंटर आणि त्यांच्यावर वैतागलेली माणसं सांभाळण्यात गेली. त्यावर सचिव म्हणाले, "मग तेच सांगा." म्हणून आज तेच सांगणार आहे. प्रश्न छोटा आहे. सॉफ्टवेअरमध्ये माणसाला किती पर्याय द्यावेत, आणि किती गोष्टी त्याला न विचारता आधीच ठरवून ठेवाव्यात?

विषय रुक्ष वाटेल, म्हणून सुरुवात जेवणापासून करतो.

आपल्याकडे पंगत बसली की ताट कसं वाढतात? सगळ्यात आधी मीठ. मग लिंबाची फोड. डावीकडे चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाजी आणि आमटी. मधे भाताची मूद, त्यावर वरण आणि तुपाची धार. वाढणारा कुणालाही विचारत नाही, की "काका, चटणी डावीकडे वाढू की उजवीकडे?" शंभर पानं असली आणि प्रत्येकाला असं विचारत बसलं, तर शेवटच्या पानाला भात मिळेपर्यंत पहिला माणूस हात धुऊन घरी गेलेला असेल. ही मांडणी पिढ्यांच्या अनुभवातून ठरली आहे. जे तोंडी लावायला थोडंसं घ्यायचं ते डावीकडे, जे पुन्हा पुन्हा घ्यायचं ते उजव्या हाताजवळ. जेवणाऱ्याला त्याचा विचारही करावा लागत नाही.

आता गंमत पाहा. आमटीत मीठ घातलेलं असतंच. भाजीतही असतं. तरीही ताटात चिमूटभर मीठ वेगळं वाढतात. का? तर सुगरणीचा अंदाज बहुतेकांना बरोबर बसतो, पण सगळ्यांना नाही. ज्याला कमी वाटेल त्याला ते हाताशी मिळावं, उठून स्वयंपाकघरात जायची वेळ येऊ नये. पण म्हणून कुठलीही सुगरण असं म्हणत नाही, की ताटात मीठ वाढलं आहे ना, मग आमटी अळणीच ठेवते, ज्यानं त्यानं आपापलं घालून घ्यावं!

माझं सगळं भाषण खरं तर एवढंच आहे. पुढे फक्त उदाहरणं आहेत.

संगणकाच्या भाषेत आमटीतल्या मिठाला डिफॉल्ट म्हणतात आणि ताटातल्या मिठाला ऑप्शन, म्हणजे पर्याय. डिफॉल्ट हा शब्द आपल्याला बँकेमुळे माहीत आहे. कर्जाचा हप्ता चुकवतो तो डिफॉल्टर. संगणकातही अर्थ फार लांबचा नाही. तुम्ही काही सांगायचं चुकलात, तर यंत्र जे गृहीत धरून चालतं ते डिफॉल्ट.

हे गृहीत धरणं किती महाग पडू शकतं, ते मला माझ्याच चुकीतून कळलं. तो प्रसंग सांगतो.

एकदा आमच्या कार्यालयात नवे बारा संगणक आले. बसवण्याचं काम माझ्याकडे. संगणक पहिल्यांदा सुरू करताना तो बरेच प्रश्न विचारतो, आणि प्रत्येक प्रश्नाचं एक उत्तर आधीच निवडलेलं असतं. आपण फक्त 'नेक्स्ट' दाबायचं. देश कुठला, या प्रश्नापुढे अमेरिका निवडलेलं होतं. मी बाराही संगणकांवर नेक्स्ट दाबत गेलो. माझ्या मनात आलं, इंग्रजी तर इंग्रजी, त्यानं काय फरक पडणार?

फरक तारखेत पडला. आपण आधी दिवस लिहितो, मग महिना. अमेरिकेत आधी महिना लिहितात, मग दिवस. पुढे कर्मचाऱ्यांच्या जन्मतारखांची यादी तक्त्यात भरायचं काम निघालं, कारण त्यावरून कोण केव्हा निवृत्त होणार याची यादी करायची होती. बाबूंनी सर्व्हिस बुकात पाहून ०५/०८/१९६१ असं टाइप केलं, म्हणजे ५ ऑगस्ट. संगणकानं वाचलं ८ मे. पडद्यावर दिसलं ५/८/१९६१. बाबूंना बरोबर वाटलं, त्यात त्यांचा काय दोष? मग ती फाइल दुसऱ्या खोलीतल्या एका जुन्या संगणकावर उघडली. तो भारतीय पद्धतीवर लावलेला होता. त्यानं प्रामाणिकपणे आतली तारीख आपल्या पद्धतीनं दाखवली, ०८-०५-१९६१. तिथून यादी छापली गेली.

यातली खरी मेख अशी, की सगळ्याच तारखा बिघडल्या असत्या तर पहिल्याच दिवशी लक्षात आलं असतं. पण २५ ऑगस्ट लिहिलं तर पंचविसावा महिना नसतोच. तेव्हा अमेरिकन पद्धतीचा संगणक तिला तारीख मानत नाही, जशी लिहिली तशी अक्षरं म्हणून ठेवून देतो, आणि भारतीय पद्धतीचा संगणक पुढे ती बरोबर वाचतो. उलट ज्यांचा दिवस १ ते १२ मधला आहे त्या तारखा गुपचूप उलटतात. मी नंतर बसून हिशेब केला. वर्षाच्या ३६५ दिवसांपैकी २२१ दिवसांच्या तारखा सुखरूप राहतात. ५ मे किंवा ८ ऑगस्ट अशा, दिवस आणि महिना एकच असलेल्या १२ तारखा उलटल्या तरी तशाच राहतात. उरलेल्या १३२ तारखा बदलून जातात, म्हणजे साधारण तीनातली एक. यादीवरून नजर फिरवणाऱ्याला दोन बरोबर दिसतात, आणि तिसरी तो गृहीत धरतो.

ज्यांची तारीख उलटली त्यांत आमचे एक भृत्य होते. शासनाच्या नियमाप्रमाणे निवृत्ती ६२ व्या वर्षी, जन्माच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. खरं म्हणजे ते ३१ ऑगस्टला निवृत्त व्हायचे. यादीत आलं ३१ मे. तीन महिन्यांचा पगार गेला. ते चौघडी घातलेला कागद हातात घेऊन माझ्या टेबलाशी आले. त्यांना संगणकाशी काही देणंघेणं नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "साहब, अम्मा कहती थी मेरे जनम पे सात दिन की झड़ी लगी थी. मई में कहीं झड़ी लगती है?"

सर्व्हिस बुक काढलं, मूळ नोंद पाहिली, यादी दुरुस्त झाली. कुणाचं नुकसान झालं नाही. पण त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. त्यांना आईचं बोलणं आठवलं म्हणून ते आले. ज्याला आठवलं नसतं, किंवा छापील कागदापुढे बोलायची ज्याची हिंमत झाली नसती, त्याचं काय? देश बदलण्याचा पर्याय त्या बाराही संगणकांत होता. एकेका संगणकाला दोन मिनिटं लागली असती. पण पर्याय असून उपयोग नव्हता, कारण तो वापरणारा कुणी नव्हता. माणसांच्या नशिबाला आलं ते डिफॉल्ट, आणि ते मी न वाचता पसंत केलं होतं.

श्रोतेहो, या प्रश्नावर सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षं वाद चालला आहे. त्यातला सगळ्यात गाजलेला वाद लिनक्सच्या जगात झाला. लिनक्स ही कुणालाही मोफत वापरता येईल आणि हवी तशी बदलता येईल अशी व्यवस्था. तिच्यावर पडदा, खिडक्या, मेनू, फोल्डर दाखवणारं एक सॉफ्टवेअर लागतं, त्याला डेस्कटॉप म्हणतात. असे दोन मोठे डेस्कटॉप तयार झाले. १९९६ मध्ये जर्मनीतल्या एका विद्यार्थ्यानं, मॅथियास एट्रिखनं, केडीई सुरू केलं. पुढच्याच वर्षी मेक्सिकोच्या मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना या तरुणांनी ग्नोम सुरू केलं.

सुरुवातीला दोन्हीकडे पर्यायांचा सुकाळ होता. हे लिहिणारेही हौशी, वापरणारेही हौशी. कुणाला घड्याळ वर हवं, कुणाला खाली, कुणाला खिडकीची चौकट वेगळी हवी. कुणी काही मागितलं की वाद घालण्यापेक्षा एक चौकोन वाढवायचा, हवं त्यानं तिथे टिक करावी. आपल्या बैठकीतही असंच होतं की नाही? आरती सातला की आठला, यावर एकमत होईना, म्हणून दोन्ही वेळांना ठेवू. बैठक संपते, सगळे खूश होतात, आणि त्रास होतो तो दोन्ही वेळा ताट घेऊन उभं राहणाऱ्याला.

२००२ च्या सुमारास ग्नोममधल्या हॅवॉक पेनिंग्टन या प्रोग्रामरनं एक निबंध लिहून ठेवला. त्यानं जे मांडलं ते थोडक्यात असं, की पर्याय फुकट नसतो. प्रत्येक पर्यायाला किंमत असते, फक्त ती मागणाऱ्याला दिसत नाही.

ती किंमत कशी, ते आकड्यात सांगतो. हो किंवा नाही अशा उत्तराचे दहा पर्याय एका सॉफ्टवेअरमध्ये असले, तर त्यांच्या जोड्या होतात १,०२४. वीस पर्याय झाले की दहा लाखांच्या वर, नेमक्या १०,४८,५७६. सॉफ्टवेअर तपासणारा यातल्या किती तपासणार? म्हणून बिघाड कुठल्यातरी चमत्कारिक जोडीत लपून राहतो, आणि नेमका तुमच्याच घरी निघतो. दुसरी किंमत म्हणजे सेटिंगची खिडकी इतकी गजबजते, की खरोखर लागणारा एक पर्याय नको असलेल्या पन्नासांत सापडत नाही. आणि तिसरी किंमत मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पर्याय हा पुष्कळदा निर्णय टाळण्याचा मार्ग असतो. एखादी गोष्ट नीट चालत नसते. ती दुरुस्त करण्याऐवजी लिहिणारा एक टिक ठेवून देतो, आणि त्या टिकेचा खरा अर्थ असतो, 'ही लावली तर आमचं सॉफ्टवेअर बरोबर चालेल.' अहो, मग ती लावूनच द्या ना!

हा विचार ग्नोमवाल्यांनी मनावर घेतला. जून २००२ मध्ये ग्नोमची दुसरी मोठी आवृत्ती आली, तिच्यात पुष्कळ पर्याय काढून टाकलेले होते. जुने हौशी लोक चिडले. पण ज्यांना संगणकाशी खेळायचं नव्हतं, फक्त काम करायचं होतं, त्यांना ते सोपं गेलं. ऑक्टोबर २००४ मध्ये उबंटू नावाचं लिनक्स आलं. सामान्य माणसापर्यंत पोचायचं हे त्याचं ध्येय. त्यानं ग्नोमच निवडलं.

इथपर्यंत ऐकून वाटेल, की पर्याय कमी करणारे जिंकले. पण गोष्ट इथे संपत नाही. यश मिळालं की माणसाला वाटू लागतं, आपल्यालाच सगळं कळतं. मार्च २००४ च्या आवृत्तीत ग्नोमनं ठरवलं, की प्रत्येक फोल्डर आता स्वतःच्या वेगळ्या खिडकीत उघडेल. म्हणजे कपाटात खण, खणात डबा, डब्यात पुडी असं पाच पायऱ्या आत गेलात, की पडद्यावर पाच खिडक्या. त्यामागे विचार होता, वेडेपणा नव्हता. प्रत्येक फोल्डर म्हणजे एक खरी वस्तू वाटावी, ती जिथे ठेवली तिथेच पुन्हा सापडावी. पण बहुतेकांच्या हाताला ते जमेना. आणि जुनी पद्धत परत आणण्याचा पर्याय सुरुवातीला अशा जागी ठेवला होता, जिथे फक्त जाणकारच जाईल. म्हणजे आमटीत मीठ जास्त, आणि जास्तीचं वरण कुलूप लावलेल्या फडताळात. शेवटी मार्च २०१० च्या आवृत्तीत त्यांनी ते डिफॉल्ट मागे घेतलं. तोवर सहा वर्षं गेली होती.

मधे २००५ च्या डिसेंबरात खुद्द लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स चिडून बोलला. वापरणारे मूर्ख आहेत असं धरून चाललात तर उरतीलही तसेच, असा त्याचा रोख होता, आणि त्यानं लोकांना सरळ केडीई वापरायला सांगितलं. पुढे एप्रिल २०११ मध्ये ग्नोमची तिसरी मोठी आवृत्ती आली. तिच्यात खिडकी खाली पाठवण्याचं बटणसुद्धा समोर ठेवलं नव्हतं. तेव्हा काही लोकांनी जुनंच ग्नोम 'माटे' या नावानं चालू ठेवलं, आणि लिनक्स मिंटवाल्यांनी 'सिनॅमन' नावाची वेगळी चूल मांडली. ती सगळी घरं आजही चालू आहेत. केडीईवाले आज म्हणतात, की समोर साधं ठेवू, लागेल तेव्हा आत सगळं मिळेल. ऐकायला हे सोपं वाटतं, पण तिथे पोचायलाही त्यांना बरीच वर्षं लागली.

मला या भांडणातून जे समजलं ते असं. दोन्ही बाजूंनी अर्धंच धरून ठेवलं होतं. एक म्हणत होता, पर्याय दिला की माझं काम संपलं. दुसरा म्हणत होता, मी ठरवलं की तुझं बोलणं संपलं. दोघांच्याही बोलण्यात तो साधा माणूस नव्हता, जो सेटिंगची खिडकी कधीच उघडणार नाही, आणि तरीही ज्याचं काम अडता कामा नये.

आता लिनक्स बाजूला ठेवून आपल्या सर्वांच्या घरातल्या गोष्टीकडे येऊ. विंडोज एक्सपी आठवतं? हिरवी टेकडी आणि निळं आकाश. ते चित्र किती घरांत, किती दुकानांत, किती कार्यालयांत वर्षानुवर्षं तसंच राहिलं! चित्र बदलण्याइतका सोपा पर्याय दुसरा नसेल, तरी कित्येकांनी तोही कधी वापरला नाही. २००१ च्या ऑक्टोबरात ते आलं, तेव्हा त्याच्यात बाहेरचा हल्ला अडवणारी भिंत, म्हणजे फायरवॉल, होती. पण डिफॉल्ट बंद. चालू करण्याचा पर्याय नेटवर्कच्या सेटिंगमध्ये खोलवर ठेवलेला. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा किडा जगभर पसरला. त्यासाठी कुणी चुकीची फाइल उघडायचीही गरज नव्हती. संगणक नुसता इंटरनेटला जोडलेला असला तरी पुरे. संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचे. बरोबर वर्षभरानं, ऑगस्ट २००४ मध्ये, मायक्रोसॉफ्टनं सर्व्हिस पॅक २ आणलं आणि त्यात फायरवॉल डिफॉल्ट चालू केली. भिंत आधीही होती. फरक एवढाच झाला, की आता दार आधीपासून लावलेलं होतं.

आणि याच्या उलटही होतं. आमटीत मीठ घातलं, पण ताटात ठेवलंच नाही, असंही. एक्सेलमध्ये तारखेसारखं काही दिसलं की ते आपोआप तारीख करून टाकतं. बहुतेकांना ते सोयीचं आहे. पण माणसाच्या शरीरातल्या जनुकांना शास्त्रज्ञांनी जी छोटी नावं दिली होती, त्यांत 'मार्च१' आणि 'सेप्ट२' अशी नावं होती. एक्सेल त्यांचं १ मार्च आणि २ सप्टेंबर करून टाकायचं. २०१६ मध्ये एका संशोधनात दिसलं, की एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी साधारण पाचव्या हिश्श्यात अशा चुका आहेत. हे तारीख करणं सरसकट बंद करण्याचा पर्यायच नव्हता. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीनं जनुकांचीच नावं बदलली. सेप्ट२ चं सेप्टिन२ झालं, मार्च१ चं मार्चएफ१. शरीरशास्त्रानं हिशेबाच्या तक्त्यापुढे मान तुकवली! मायक्रोसॉफ्टनं ते बंद करण्याचा पर्याय दिला २०२३ मध्ये. माझ्या त्या भृत्यांच्या तारखेची आणि या जनुकांची जात एकच. यंत्रानं न विचारता अंदाज केला, आणि केला हे सांगितलंही नाही.

मग डिफॉल्ट कसं ठरवावं, आणि पर्याय केव्हा द्यावा? मी काही सिद्धांत मांडणारा माणूस नाही. पण कार्यालयात कुठलीही यंत्रणा बसवताना आता स्वतःला तीन प्रश्न विचारतो.

पहिला, ही गोष्ट आवडीची आहे की बरोबर-चुकीची? पडद्याचा रंग, अक्षराचा आकार, कळफलक कुठला, या आवडीच्या आणि सवयीच्या गोष्टी. तिथे पर्याय द्यावा, आणि हात पोचेल असा द्यावा. पण फाइल आपोआप जतन व्हावी का, फायरवॉल चालू असावी का, हे आवडीचं काम नाही. तिथे बरोबर उत्तर घालूनच द्यावं.

दुसरा, चूक झाली तर ती दिसेल का? रंग नको तो लागला तर लगेच दिसतो. तारीख उलटली तर दिसत नाही. जी चूक दिसत नाही, तिथे यंत्रानं अंदाज करूच नये, सरळ विचारावं. आम्ही आता जन्मतारखेच्या रकान्यात महिना अक्षरांत लिहितो, ०५-ऑगस्ट-१९६१. ज्यांना सगळं आकड्यांतच हवं, त्यांनी आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहावा. आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय मानक तसंच सांगतं. त्यात दोन अर्थ निघत नाहीत.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात अवघड वाटतो. चूक झाली तर भोगणार कोण? नेक्स्ट मी दाबलं, पगार जाणार होता दुसऱ्याचा. जो ठरवतो आणि जो भोगतो ते दोघं वेगळे असतात, तेव्हा ठरवणाऱ्यानं दुप्पट काळजी घ्यायला हवी.

मंडळी, तुम्हाला वाटेल, हे सगळं अमेरिकेतल्या कंपन्यांनी ऐकावं, आमचा काय संबंध? संबंध आहे. आपल्या प्रत्येक घरात एक मुलगा, पुतण्या किंवा नात असते, जिला सगळे म्हणतात, "तूच लावून दे गं तो संगणक." ती जे लावून देईल, तेच आजी-आजोबांचं डिफॉल्ट. ते पुढची पाच वर्षं त्याला हात लावणार नाहीत. म्हणून लावून देणाऱ्यांना माझी विनंती आहे, घाई करू नका. देश भारत निवडा, म्हणजे तारीख आपली येईल. प्रिंटरमध्ये कागद ए४ निवडा. अमेरिकेतला लेटर कागद ए४ पेक्षा ६ मिलिमीटर रुंद पण १८ मिलिमीटर आखूड असतो. एवढ्यानं अर्जाची शेवटची, सहीची ओळ दुसऱ्या पानावर जाते. फाइलच्या नावाचं शेपूट दिसेल असं करा. मे २००० मध्ये प्रेमपत्राच्या नावानं जो व्हायरस जगभर फिरला, तो साधा मजकूर वाटला याचं एक कारण, विंडोज ते शेपूट डिफॉल्ट लपवतं. आजही लपवतं. अक्षर मोठं करा. आणि हे सगळं केल्यावर आजोबांना बाजूला बसवून एकच गोष्ट दाखवा, अक्षर लहान-मोठं कुठून करायचं ती. बाकी सगळं आमटीत असू दे, पण एवढं मीठ त्यांच्या ताटात राहू दे.

आणखी एक गोष्ट, आणि मग संपवतो. संगणक लावून देताना त्यात मराठीचा कळफलकही घाला. मराठीचा पर्याय विंडोजमध्ये आहे, लिनक्समध्ये आहे, फोनमध्येही आहे. तरी आपल्या इंदुरातल्या किती मराठी घरांत तो सुरू केलेला आहे? आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी घरात मराठी हे डिफॉल्ट होतं, बाहेर पडलं की हिंदी. आज कित्येक घरांत हिंदी आणि इंग्रजी डिफॉल्ट आहेत, आणि मराठी पर्याय म्हणून शिल्लक आहे, गणपतीच्या दहा दिवसांत उघडण्यापुरता. मी कुणाला दोष देत नाही, माझ्याही घरी थोडंफार तसंच आहे. पण इतकी वर्षं संगणक सांभाळून मी एक पाहिलं आहे. जी गोष्ट नुसती पर्याय म्हणून ठेवली जाते, ती असते, बिघडत नाही, आणि तरी वापरात राहत नाही.

त्या प्रसंगानंतर मी एका दुपारी बाराही संगणकांची सेटिंग बदलली. सगळं मिळून अर्धा तासही लागला नाही. आमचे ते भृत्य ३१ ऑगस्टला रीतसर निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमाला त्या दिवशीही पाऊस होता. ते माझ्या टेबलाशी पेढे घेऊन आले, आणि बाहेर बोट दाखवून म्हणाले, "देखा साहब? मेरा महीना यही है."